काम सोडायची मुभा

“बाहेरची माणसं आली की इथल्यांची मजुरी पडते.” हे वाक्य मी लहानपणी वाळव्याकडे ऐकलंय, मुंबईच्या लोकलमध्ये ऐकलंय आणि आता कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या आमच्या गावात, गणपतीच्या पंगतीलाही ऐकते. बोलणारा मनापासून बोलत असतो. पुरावाही रोजच्या जगण्यातला देतो: मंडईत भेंडीची आवक वाढली की भाव उतरतो, मग माणसांचं वेगळं काय असणार? यावर पटकन उत्तर सुचत नाही. मी अर्थशास्त्र शिकले ते बी.ए.पर्यंत; पुढे लग्न, परदेश, आणि आता शेतमजुरांच्या वस्तीजवळच्या एका दवाखान्यात बिलांच्या खिडकीत काम. पण या एका वाक्यापायी गेली काही वर्षं स्थलांतर आणि मजुरीवरचं मिळेल ते संशोधन वाचत आलेय. वाचता वाचता माझा प्रश्नच बदलला. किती माणसं आली हे मी आता नंतर विचारते. आलेल्याला नकोसं काम सोडून दुसऱ्याच्या दारात उभं राहता येतं का, हे आधी.

मारिएलपासून सुरुवात करते, कारण या विषयावर भांडणारे सगळे तिथेच येऊन भिडतात. एप्रिल १९८०. हवानातल्या पेरूच्या वकिलातीत देश सोडू पाहणारी दहा हजारांच्या आसपास माणसं शिरली. फिडेल कॅस्ट्रोने अखेर मारिएल बंदर खुलं केलं. ज्याला जायचं त्याने जावं. मायामीत आधीपासून राहणारे क्युबन लोक मिळेल ती बोट, अगदी कोळंबी पकडायचे ट्रॉलरसुद्धा, भाड्याने घेऊन नातलगांना आणायला धावले. त्याच वर्षी सव्वा लाख माणसं फ्लोरिडात उतरली आणि त्यातली साधारण निम्मी मायामीत राहिली. शहरातले काम करणारे हात काही महिन्यांत सात टक्क्यांनी वाढले. नवे आलेले बरेचसे कमी शिकलेले, इंग्रजीचा गंध नसलेले.

एरवी अशा गोष्टीचा परिणाम मोजणं फार अवघड असतं. माणसं सहसा जिथे काम मिळतं, पगार चढा असतो, तिथेच जातात. पुण्यात बाहेरचे लोक वाढले आणि पगारही वाढले, तर त्यातून काय काढायचं? मायामीत ही अडचण नव्हती. तिथले पगार बघून कुणी आलं नव्हतं. हवानातल्या एका निर्णयाने लोक आले होते. कॅनडात जन्मलेल्या डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञाने हे हेरलं. मायामीची गाठ त्याने अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टॅम्पाशी घातली, म्हणजे जिथे असा लोंढा आला नव्हता अशा शहरांशी. १९९० साली त्याचा निबंध आला. कमी शिकलेल्या गोऱ्यांच्या मजुरीत फरक दिसेना, कृष्णवर्णीयांच्याही नाही, बेकारीत नाही, आधी आलेल्या क्युबनांनाही धक्का लागलेला दिसेना. २०२१ मध्ये कार्डला नोबेल मिळालं, त्याच्या पायाशी अशाच प्रकारचं काम होतं.

हे वाचताना माझं लक्ष दर वेळी त्या मे महिन्याकडे जातं. लोंढा ऐन भरात असताना मायामीत दंगल पेटली होती. आर्थर मॅकडफी नावाच्या कृष्णवर्णीय विमा एजंटाला आदल्या डिसेंबरात पोलिसांनी मारहाण केली, त्यात तो मेला, आणि १७ मे १९८० रोजी त्या पोलिसांची निर्दोष सुटका झाली. लिबर्टी सिटी ही मायामीतली कृष्णवर्णीयांची वस्ती जळली. त्या वस्तीतल्या माणसाला तेव्हा कुणी विचारलं असतं की क्युबन लोकांमुळे तुझं नुकसान झालं का, तर तो हो म्हणाला असता, आणि त्याला खोटं कोण पाडणार? हाताशी अन्याय आहे, दाराशी नवी माणसं आहेत. माणूस दोन्ही एकत्र जोडतो. आकडेवारी त्या जोडणीला पाठिंबा देत नाही, इतकंच कार्ड सांगतो.

भेंडीचं गणित इथे का चुकतं? भेंडी स्वतः मंडईत काही विकत घेत नाही. आलेला माणूस खोली भाड्याने घेतो, चपला घेतो, केस कापून घेतो, आजारी पडतो. त्याच्याकडे बघून कुणी शिलाईचा कारखाना काढतो, कुणी यंत्र घ्यायचं पुढे ढकलतो. मालक, शहर, धंदे सगळेच थोडे सरकून जागा करतात. मायामीला तर अशी जागा करायची आधीच्या वीस वर्षांत सवय झालेली होती.

पण हा वाद मिटला नाही, आणि तो पुन्हा उकरून काढणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. जॉर्ज बोरहासचा जन्म हवानाचा. १९६२ साली, बारा वर्षांचा असताना, तो आईबरोबर अमेरिकेत आला. पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला. त्याचं म्हणणं, सरसकट ‘कमी शिकलेले’ धरू नका. हायस्कूलही पूर्ण न केलेल्या पुरुषांकडे बघा, कारण नव्या क्युबनांची खरी स्पर्धा त्यांच्याशी होती. २०१७ च्या निबंधात त्याने दाखवलं की या गटाची मजुरी १० ते ३० टक्के पडली. त्यावर मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट या अर्थशास्त्रज्ञांनी, ज्या पाहणीवर हे आकडे उभे होते तिचे जुने कागद तपासले. बोरहासच्या गटात मायामीतली दर वर्षाची माणसं जेमतेम वीसेक भरत होती. शिवाय त्याच सुमारास पाहणीत कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद आधीपेक्षा जास्त नीट होऊ लागली होती. ज्यांची कमाई मुळातच कमी ते जास्त संख्येने मोजले गेले, की कुणाचाही पगार न कापता सरासरी खाली येते. जोवानी पेरी आणि वासिल यासेनोव यांनी वेगळ्या रीतीने तपासलं, त्यांनाही घसरण सापडली नाही.

माझा कौल कार्डच्या बाजूने आहे. तरी बोरहासचा प्रश्न टाकून देता येत नाही: झळ बसली तर नेमकी कुणाला? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०१६ मध्ये या साऱ्या संशोधनाचा जाडजूड आढावा घेतला. दहा-पंधरा वर्षांच्या हिशेबात मजुरीवरचा परिणाम फार छोटा निघतो, असं त्यात म्हटलंय. आणि जिथे तोटा दिसतो तिथे तो सर्वांत आधी कुणाच्या वाट्याला येतो, तर पूर्वी आलेल्या स्थलांतरितांच्या. म्हणजे काल आलेल्याच्या. पंगतीत तक्रार करणारे आम्ही त्या यादीत कुठेच नाही.

आता उलटी बाजू. माणसं आल्याने मजुरी पडत असेल, तर माणसं घालवली की वाढायला हवी. हा प्रयोगही होऊन गेलाय, आणि तो मी जिथे राहते त्या खोऱ्यात झालाय.

दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसं कमी पडू लागली, तेव्हा ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. मेक्सिकन पुरुषांनी हंगामापुरतं यायचं, ठरल्या मळ्यावर राबायचं, हंगाम संपला की परत जायचं. त्यांना ब्रासेरो म्हणत. युद्ध संपलं, करार चालूच राहिला. बावीस वर्षांत ४६ लाख करारपत्रं झाली, अर्थात एकेक माणूस अनेकदा येई. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला चार लाखांवर माणसं येत होती. केनेडींच्या सरकारचं मत पडलं की या स्वस्त हातांमुळे अमेरिकन शेतमजुराची मजुरी दबते. कामगार संघटना हेच म्हणत होत्या, आणि त्यात त्यांची कळकळ खरी होती. ३१ डिसेंबर १९६४ रोजी ब्रासेरो योजना बंद झाली.

क्लेमेन्सने ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल यांना बरोबर घेऊन त्या काळची राज्यवार मजुरीची जुनी दप्तरं धुंडाळली. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्या राज्यांत ब्रासेरो भरपूर होते आणि जिथे जवळजवळ नव्हतेच, दोन्हीकडे शेतमजुरी सारख्याच चालीने वाढत राहिली. लाखो माणसं निघून गेली आणि स्थानिक मजुराच्या हातात त्याचं काही पडलं नाही.

मग त्या कामाचं झालं काय? याचं उत्तर मला ऑगस्टमध्ये रात्री घरी येताना रस्त्यावर दिसतं. डेव्हिस आणि वुडलँडच्या मधल्या शेतांत रात्रभर दिवे हलत असतात. टोमॅटो काढणीचं यंत्र म्हणजे चालतं घरच. पुढचं पातं वेल जमिनीलगत कापतं, पट्ट्यावरून वेल वर जाते, गदागदा हलवली जाते, टोमॅटो सुटून पडतात आणि शेजारून त्याच वेगाने चालणाऱ्या ट्रेलरमध्ये जातात. यंत्रावरच्या अरुंद फळीवर तोंडाला रुमाल बांधलेल्या तीन-चार बायका उभ्या असतात. ढेकळं, हिरवी फळं, पाला, एखादा उंदीर हातानेच बाहेर फेकतात. धूळ इतकी की दिव्याचा झोत भिंतीसारखा दिसतो. महामार्गाच्या वळणावर ट्रक झुकतो, टोमॅटो सांडतात, आणि हंगामभर ते वळण लाल असतं. मला उसाच्या ट्रॉल्या आठवतात, त्यांच्यामागे धावणारी आम्ही पोरं आठवतात.

हे यंत्र डेव्हिसच्या विद्यापीठात तयार झालं. इंजिनिअर कोबी लॉरेन्झन यंत्रावर काम करत होते आणि जॅक हॅना टोमॅटोवर. सगळी फळं एकदम पिकायला हवीत, जाड सालीची हवीत, आपटून फुटायला नकोत, म्हणून हॅनांनी वर्षानुवर्षं जाती जुळवल्या. यंत्र तयार असूनही शेतकरी घेत नव्हते. ब्रासेरो होते तोवर गरज काय? योजना बंद होण्याच्या सुमारास कॅलिफोर्नियातला अगदी थोडा टोमॅटो यंत्राने निघत होता. १९७० उजाडेपर्यंत कारखान्याला जाणारा जवळपास सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. शेवग्यासारखा एकेक देठ बघून कापावा लागणारा शतावरीचा कोंब किंवा हाताचा धक्का न सोसणारी स्ट्रॉबेरी, यांना यंत्र सापडलं नाही. तिथे लागवडच कमी झाली. मजुरी वाढवणं ही मालकापुढच्या अनेक वाटांपैकी एक होती आणि त्याने दुसऱ्या वाटा धरल्या. महाराष्ट्रात आज ऊसतोडणी यंत्रांना सरकारी अनुदान मिळतंय. फडातल्या माणसांमध्ये ‘मशीन’ हा शब्द कोणत्या सुरात निघत असेल ते मला इथून समजतं.

पण मजुरीच्या आकड्यावर थांबलं तर ब्रासेरोंची खरी गोष्ट हातातून निसटते. लिओनार्ड नाडेल नावाच्या छायाचित्रकाराने १९५६ मध्ये टेक्सासच्या हिडाल्गोतल्या भरती केंद्रावर काढलेले फोटो स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. त्यातल्या एकात माणसं रांगेत उघडी उभी आहेत आणि तोंडावर मास्क बांधलेला माणूस त्यांच्या चेहऱ्यावर डीडीटीचा फवारा मारतोय. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकांत बचत म्हणून पाठवले जात. कितीतरी जणांना ते पैसे कधीच मिळाले नाहीत. सप्टेंबर १९६३ मध्ये सॅलिनास खोऱ्यातल्या चुआलारजवळ मजुरांना नेणाऱ्या गाडीला रेल्वेची धडक बसून ३२ जण मेले. आणि आखूड दांड्याचं खुरपं. स्पॅनिशमध्ये त्याला ‘एल कोर्तितो’ म्हणत. वीत-दोन विती दांडा. लेट्यूस विरळ करायला, बीटची खुरपणी करायला दिवसभर कमरेत दुमडून राहावं लागे. मालकांना ते सोयीचं होतं, कारण कुणी पाठ सरळ केली की मुकादमाला लांबूनच दिसायचं. पाठीचे मणके झिजलेले तरुण डॉक्टरांनी साक्षीला उभे केल्यावर, १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियाने त्यावर बंदी घातली.

या सगळ्यातलं एकही ‘मजुरी’ या रकान्यात दिसत नाही. तासाला अमुक सेंट, एवढंच दिसतं. दिलेल्या पैशातून मालकाने किती पाठ घेतली, ते वेगळ्या वहीत लिहिलं जातं आणि ती वही बहुधा मजुराच्या घरी असते.

आमच्या दवाखान्यात ती मी रोज उघडी बघते. पन्नाशीचा माणूस खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरतो. मूत्रपिंडं दमलेली असतात. “डॉक्टरकडे आधी का नाही आलात,” असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. आल्याचा दिवस बुडतो हे सगळ्यांना माहीत आहे. आणि तरीही आकडे वेगळंच सांगतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, माणसाचं सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षं होतं, गोऱ्यांचं ७८.८. कमाई कमी, विमा कमी, आयुष्य जास्त. संशोधक यावर अनेक वर्षं डोकं लावतायत. धडधाकट असतो तोच सीमा ओलांडतो, हे एक कारण. सिगारेट कमी ओढली जाते, हे फार मोठं कारण. आणि अगदी थकलेले काही जण मरायला गावी जातात, ते इथल्या नोंदीत येत नाहीत, हे थोडंसं. थोडक्यात, मेक्सिको आणि ग्वाटेमालातल्या आयांनी वाढवलेली निरोगी शरीरं अमेरिकेला आयती मिळतात, आणि झिजल्यावर त्यातली काही परत जातात. त्या वाढवण्याचा खर्च कुणी दिला आणि झिजेचा कोण देतंय, हा विषमतेचा हिशेब मला कमाईच्या तक्त्यांहून महत्त्वाचा वाटतो.

आयुर्मानातली ही आघाडी किती कच्ची होती ते कोविडने दाखवलं. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत लॅटिनो आयुर्मान चार वर्षांनी खाली आलं. २०२० चा ऑगस्ट मी विसरणार नाही. आमच्या पश्चिमेच्या डोंगरांत विजांनी वणवे लागले होते, आकाश पिवळं, अंगणात राख. आम्ही दारं-खिडक्या लावून, हवा शुद्ध करायची यंत्रं लावून घरून काम करत होतो. टोमॅटोचा हंगाम मात्र ऐन जोरात होता आणि ती यंत्रं चालू होती, फळीवर बायका उभ्या होत्या. त्यांना कामाला हजर राहण्यासाठी ‘अत्यावश्यक’ असं लिहिलेली पत्रं मिळाली होती. त्यातल्या अनेकींना या देशात राहायचा कागद मात्र नव्हता.

आरोग्याचं बोलायला लागलं की मला वाळव्याला परत जावंच लागतं. दसरा झाला की बीडकडची माणसं आमच्याकडे यायची. गायरानात कोप्या उभ्या राहायच्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. पहाटे अंधारात बायका डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायच्या. एकीची पोर कोपीत तापाने फणफणलेली, आणि तिला माझी आजी म्हणाली, “आज नको जाऊस गं.” ती म्हणाली, “आई, खाडा पडतो.” खाडा म्हणजे दंड. पाळी असो, पोट दुखत असो, खाडा पडतोच. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरच्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. ही माणसं परदेशातून आलेली नव्हती. एकाच राज्यातली, एकच भाषा बोलणारी. सीमा आणि व्हिसा नसतानाही उचल तेच काम करते: माणूस हंगामाच्या मध्यावर उठून दुसऱ्या कारखान्याकडे जाऊ शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला, तो कोयते बंद ठेवण्याच्या जोरावर, सगळ्यांनी मिळून बोलणी करून. एकटी बाई ते कुठल्या जिवावर करणार होती?

या सोडून जाण्याची किंमत पैशात मोजता येते का? एका अभ्यासाने मोजली आहे, आणि तो कोकणातल्या घराघरांत वाचला जावा असं मला वाटतं. खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन इथल्या किती घरांचा एक तरी माणूस आखातात असतो. तिथे व्हिसा मालकाच्या नावावर चालतो. संयुक्त अरब अमिरातीत कराराची मुदत संपली तरी दुसरीकडे नोकरी धरायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. ते मिळालं नाही तर देश सोडायचा. २०११ पासून ही अट गेली. सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग यांनी हजारो कामगारांची पगारपत्रकं तपासली. ज्यांचे करार या बदलानंतर संपले त्यांची कमाई दहा टक्क्यांहून जास्त वाढली. बहुतेक जण त्याच मालकाकडे राहिले, पण आता मालकाला त्यांना टिकवायचं होतं. काम तेच, ऊन तेच. फक्त उठून जाता येत होतं. त्याच निबंधात एक कडू नोंदही आहे, ती लपवायला नको: नव्याने येणाऱ्यांची मागणी थोडी घटली आणि त्यांची कमाईही उतरली.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने सत्तावीस लाखांच्या आसपास बिनकागदाच्या लोकांना कागद मिळाले, तेव्हाही असंच दिसलं. कायदेशीर झालेल्या पुरुषांच्या मजुरीत सहा टक्क्यांच्या आसपास भर पडली. त्या दिवशी त्यांच्या अंगात नवं कौशल्य आलं नव्हतं.

हे सगळं मी आमच्या पंगतीत सांगते, तेव्हा समोरून येतं, “आपलं वेगळं आहे. आपण कायद्याने आलो, शिकून आलो.” खरं आहे, आणि म्हणूनच कोणत्या कायद्याने आलो ते आठवणं गरजेचं आहे. १९४६ पासून भारतीयांसाठी अमेरिकेचा कोटा होता वर्षाला शंभर माणसं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी बसून नव्या कायद्यावर सही केली आणि डॉक्टर-इंजिनिअरांसाठी दार उघडलं. पुण्या-मुंबईहून निघालेली पहिली मोठी पिढी त्या दारातून आली, तिच्यामागून आम्ही. त्याच कायद्याने मेक्सिकोसकट साऱ्या पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदा संख्येची मर्यादा घातली. ब्रासेरो योजना त्याआधी नऊच महिने बंद झाली होती. वीस वर्षं कागदावर येणारी माणसं त्याच मळ्यांवर, त्याच वाटेने येत राहिली, फक्त आता बेकायदा म्हणून. आमचं दार आणि त्यांची भिंत एकाच वर्षात उभी राहिलीय. भारतीय कुटुंबं या देशात सर्वांत जास्त कमावणाऱ्यांत मोडतात याचा आम्हाला अभिमान असतो. पण आम्हाला निवडूनच आत घेतलं गेलं होतं.

आणि बांधलं जाणं म्हणजे काय, हे आमच्या घरांना पुरतं ठाऊक आहे. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा मला नोकरी करायची परवानगी नव्हती. २०१५ मध्ये नियम बदलला तोवर माझी पदवी कपाटात होती. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीच्या हातात. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. पगारवाढीची बोलणी आली की तो गप्प बसायचा. शेजारच्या टेबलावरचा, तेच काम करणारा, इथेच जन्मलेला सहकारी तीनदा नोकरी बदलून कुठल्या कुठे गेला. सासरे वारले तेव्हा हा जाऊ की नको करत बसला, कारण परत येताना शिक्का मिळाला नाही तर काय, आणि साहेबाने तसा प्रश्न तोंडावर विचारलाही होता. आमच्या फ्रिजमध्ये अन्न होतं, दारात गाडी होती. तरी त्या वर्षांत घरात जी दबलेली भीती होती, ती मी दवाखान्याच्या खिडकीसमोरच्या चेहऱ्यांवर लगेच ओळखते.

ब्रासेरोंच्या जागी आता एच-टू-ए नावाचा हंगामी व्हिसा आहे. २०२३ च्या आर्थिक वर्षात त्याखाली पावणेचार लाखांहून जास्त जागा मंजूर झाल्या, म्हणजे आकडा पुन्हा जुन्या शिखराजवळ पोचलाय. संगणकवाल्यांना एच-वन-बीवर असताना नवा मालक अर्ज करताच त्याच्याकडे कामाला लागायची मुभा ऑक्टोबर २००० मध्येच मिळाली. शेतमजुरांसाठी तशीच मुभा आधी अवघ्या दहा हजार जणांना प्रायोगिक म्हणून देऊ करणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडलं. अखेर २०२५ च्या जानेवारीत लागू झालेल्या नियमाने ती कागदावर दिली. पण ज्या खाटेवर हा मजूर झोपतो ती मालकाच्या छावणीत आहे, शेतावर नेणारी गाडी मालकाची आहे, आणि मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये दलालाला द्यायला काढलेलं कर्ज त्याच्या बायकोच्या डोक्यावर आहे. दुसरा मालक कुठे आहे आणि त्याच्याकडे परवानगी आहे का, हे त्याला कळणार कसं? आमच्या मंडळात व्हिसाचे फॉर्म तोंडपाठ असलेली निदान वीस माणसं आहेत. छावणी आमच्या हॉलपासून गाडीने पंधरा मिनिटांवर आहे, आणि दवाखान्याची स्पॅनिश बोलणारी परिचारिका रविवारी यायला तयार आहे. यंदा पंगतीत वाद घालण्याऐवजी मी त्यांची नावं लिहून घेणार आहे.